चार दातांची कवळी

९ फेब्रुवारी

माझ्या भिंगरीला तिच्या म्हातारीकडून लांबूनच एक गालगुच्चा.

पत्र मिळालं. पाकीट हातात पडलं तशी मी एवढी खूश झाले की पोस्टमनला पाणी विचारायचं सोडून जेवून जा म्हणाले. तो म्हणाला, आजी, अजून सगळे मजले राहिलेत. म्हटलं राहू देत, त्यांना कोण लिहितंय एवढं.

तू म्हणशील फोन असताना म्हातारीने हा काय हट्ट धरलाय. अगं, फोनवर तू ‘सगळं ठीक’ म्हणतेस, मी ‘बरं बरं’ म्हणते आणि झालं. कागदावर खोटं लिहायचं म्हटलं तर हात दुखतो. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे अवघड शब्द आला की मी वळसा घालून जाते, तेवढं सांभाळून घे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात झकास. समोरच्या गच्चीत कोण काय वाळत घालतं ते दिसतं, आणि बऱ्याच जणांनी नवे टॉवेल घ्यायला हवेत. जवळचं होईल हळूहळू. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण पत्र नीट वाचून झालं, दोनदा.

तर त्या दत्तकाच्या ऑफिसातली बाई म्हणते की तुझ्या जन्मदात्रीने चार वर्षांपूर्वीच कळवून ठेवलंय, मुलगी शोधत आली तरी मला भेटायचं नाही. आणि बाप कोण ते कागदावर नाहीच. तू सात महिन्यांची असताना तुझ्या आईबाबांनी तुला त्या देशातून आणलं, आणि आता अठ्ठावीस वर्षांची होऊन तू तिथे उलटी गेलीस, ती काय ‘नाही’ ऐकायला? मला त्या जन्मदात्रीचा राग आला होता. मग वाटलं, ‘भेटायचं नाही’ म्हणाली म्हणजे ती आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, नाही म्हणण्याएवढी खमकी आहे. ही आनंदाचीच गोष्ट झाली की.

तुझी आई बरी आहे. पडद्यांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या खिडक्या मापते आणि घरी येऊन आपले पडदे धुते. मागच्या आठवड्यात सगळेच काढले, आम्ही चार दिवस शोकेसमध्ये बसल्यासारखे बसलो होतो. बोलत काही नाही. तू गेल्यापासून तिला उरक फार आलाय.

परत कधी येतेस ते लिही. का येत नाहीस तेही लिहिलंस तरी चालेल.

तुझी आजी


२६ फेब्रुवारी

आजी,

इतक्यात येत नाही. ऑफिसचं दार बंद झालं म्हणून लगेच बॅग भरावी असं वाटत नाही. ती याच शहरात राहते की नाही तेही मला माहीत नाही, तरी ट्रॅममध्ये पन्नाशीच्या आसपासची बाई समोर बसली की मी तिच्या तोंडाकडे बघते. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे. दात करण्याचा धंदा शिकले त्याचा हा परिणाम. परवा एकीने पिशवी छातीशी धरली, तिला वाटलं मी चोर आहे.

मला काम मिळालं. कवळ्या करण्याचं छोटं दुकान आहे. पुढे गिऱ्हाइकांचा बाक आणि एक खुर्ची, मागे प्लास्टर, मेण, घासायची यंत्रं. मागच्या भिंतीवर जुन्या गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेत. पहिल्या दिवशी वाटलं, सगळं गाव माझ्याकडे बघून हसतंय.

मालक माझ्याहून थोडा मोठा आहे. मला भाषा येते पण बोलायला वेळ लागतो, आणि तो थांबतो. इथे कुणी थांबत नाही. मी कशासाठी आलेय ते मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. का ते ठाऊक नाही. तो म्हणाला, “मग तू इथे बरोबर आलीस. या शहरातल्या अर्ध्या बायका कधी ना कधी या खुर्चीत तोंड उघडून बसतात.”

तू केलेल्या हट्टापायी लिहितेय, पण लिहून बरं वाटतं. आईला माझा नमस्कार सांग. तिला विचार, माझ्यावर रागावली आहे का. नको, विचारू नकोस.

भिंगरी


१४ मार्च

लाडके,

मी तुझ्या पत्राने इतकी सुखावलेय की वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना जिन्यात अडवून सांगितलं, आमच्या भिंगरीला दुकान मिळालं. त्या म्हणाल्या, दुकान? म्हटलं, दुकान म्हणजे मालकासकट. त्या वर जायचं सोडून खाली उतरायला लागल्या.

आता उगाच तोंड लपवू नकोस. ‘का ते ठाऊक नाही’ असं बायका कधी लिहितात ते मला कळतं. तुझे आजोबा मला बघायला आले तेव्हा मी पण मैत्रिणीला हेच म्हटलं होतं, की मी हसले कशाला ते ठाऊक नाही. ते माझ्या वडलांशी बोलत बोलत दारावरच्या कडीशी चाळा करत होते आणि बोट अडकवून बसले. बाहेर निघेना. साबण लावून काढलं. अर्धा तास तो माणूस एका हाताने दाराला बांधल्यासारखा उभा होता आणि तरी पगार वगैरे सांगत होता. अशा माणसाला नाही कसं म्हणणार.

तर सांग बघू. उंच आहे का? घोरतो का ते तुला इतक्यात कळायचं नाही, आणि कळत असलं तर मला लिहू नकोस. आईवडील आहेत का? थांबतो म्हणालीस ते मला फार आवडलं. सगळी घरं धावणाऱ्यांनी भरलीत.

तू केलेली कवळी छान चालते. शेंगदाणे खाते. मात्र तुझ्या बाबांनी परवा विनोद केला तेव्हा हसताना वरची खाली आली, म्हणून आता मी त्यांच्या विनोदांना हसत नाही. त्यांना वाटतं मी रागावलेय.

तुझ्या आईला काही विचारलं नाही. तू नको म्हणालीस ना.

आजी


२ मे

आजी,

उंच आहे. खोकताना डोकं भिंतीवर आपटतं, कारण मागची खोली बुटकी आहे. बाकी तुझे प्रश्न मी वाचले नाहीत असं समज.

तुला हवी तेवढी बातमी आहे. आम्ही लग्न करायचं ठरवतोय. ‘ठरवतोय’ हा शब्द मी आधी खोडला होता, मग परत लिहिला.

रविवारी त्याने मला घरी नेलं. वडील बस डेपोत वेळापत्रक लावतात. माणूस शांत, पण आम्ही सात मिनिटं उशिरा पोचलो ते त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आम्हाला कळवलं. त्याची आई हातमोज्यांच्या कारखान्यात शिवण तपासते. कमी बोलणारी आहे. मी कोट काढला तर तिने माझ्या हातून घेतला, बाहीची उसवलेली शिवण बोटाने चाचपली, आणि मी निघेपर्यंत ती शिवून ठेवली. मी कुठून आले, का आले, हे तिच्या मुलाने आधीच सांगितलं असणार, कारण तिने एकदाही विचारलं नाही. जेवताना मात्र माझ्याकडे बघायची आणि मी बघितलं की ताटाकडे.

तिचे डावीकडचे चार दात गेलेत. त्या बाजूने चावता येत नाही. येताना तो म्हणाला, “आईची कवळी तूच कर. मी माझ्या हाताने ठसा घेईन, पण काम तुझ्या टेबलावर. तिला तुझ्या हातची मिळू दे.” दागिना देतात तशी त्याने मला चार दातांची कवळी दिली, आजी. मला दागिन्यापेक्षा जास्त वाटलं.

माझ्या जन्मदात्रीला शोधायचं मी सोडलेलं नाही. पण हल्ली ट्रॅममध्ये मी खिडकीबाहेर बघते.

भिंगरी


२० मे

माझ्या नवरीमुली,

आता या पत्राचं अक्षर वाकडं येईल कारण मी उभ्याने लिहितेय. बसवतच नाही. तुझ्या बाबांनी बातमी ऐकली आणि दाढी अर्धी ठेवून बाहेर आले. तुझ्या आईने डाळ दुसऱ्यांदा धुतली.

अगं, काय सासू मिळवलीस. दुसऱ्याच्या मुलीच्या बाहीची शिवण उसवलेली दिसते आणि ती न विचारता शिवते. माझ्या सासूने माझ्या अंगावरचं लुगडं कधी धड बघितलं नव्हतं, फक्त पदर डोक्यावरून घसरला की बरोबर दिसायचा. ती ताटाकडे बघते म्हणालीस, ते लाजणं असतं. मुलाची आई पण लाजते, तिचंही पहिलंच लग्न असतं मुलाचं.

कवळी जीव ओतून कर. पुढे आयुष्यभर ती तुला नावं ठेवायला त्याच दातांनी बोलणार आहे.

मी आत्तापासून सामान काढायला घेतलंय. तारीख कळव.

तुझी सुखी आजी


३ जून

आजी,

लग्न होणार नाही. मी परत येतेय, तिकीट मिळालं की. कृपा करून काही विचारू नकोस आणि कुणालाही काही सांगू नकोस. मी आजारी नाही. त्याने काही केलेलं नाही. कुणीच काही केलेलं नाही.

भिंगरी


१५ जून

पोरी,

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून मी विचारत नाही, फक्त लिहितेय. त्याला आधीची बायको आहे का? माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. उंच माणसांना असते. बाबा म्हणतात पिणारा असेल. मास्तरीणबाई म्हणतात परक्या देशात मुलींना अचानक घराची आठवण येते आणि मग त्या काहीही मोडून येतात. मी त्यांना म्हटलं, आमची भिंगरी ताप असताना शाळेत जायची, ती मोडणाऱ्यातली नाही.

‘कुणीच काही केलेलं नाही’ हे मात्र मला खाऊन राहिलंय. कुणी काही केलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवले असते. आता कुणाला देऊ?

तुझी आई तुझी खोली रंगवायची म्हणते. रंग कुठला ते विचारलंय. मी सांगते, तू ये किंवा येऊ नकोस, पण जे आहे ते कागदावर काढ. मी चौथी नापास आहे, मला धक्का बसत नाही.

आजी


१ जुलै

आजी,

सगळं लिहिते. आईला सांगू नकोस. एवढं एकच मागते.

शिकत असताना पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींच्या जबड्यांचे ठसे घ्यायचो आणि त्यात प्लास्टर ओतून साचे करायचो. माझा साचा वर्गभर फिरला होता, कारण माझ्या टाळूच्या मधोमध हाडाचा लांबट उंचवटा आहे, मध्ये चीर, कॉफीच्या बीसारखा. आणि डावा वरचा सुळा असा फिरलेला की शेजाऱ्याकडे पाठ करून बसलाय. तो साचा मी इतका घासलाय, इतका मोजलाय, की डोळे मिटून हातात दिला तरी ओळखेन.

त्याने त्याच्या आईच्या वरच्या जबड्याचा ठसा घेऊन माझ्या टेबलावर ठेवला. मी प्लास्टर ओतलं. सुकल्यावर ठसा सोलून काढला आणि माझ्या हातात माझा जबडा होता. म्हातारा झालेला, चार दात गेलेला, पण तीच बी, तीच चीर आणि तोच पाठ फिरवलेला सुळा.

आई सापडली, असं मला आधी वाटलं नाही. आधी वाटलं, मग तो माझा कोण?

तुला ते छोटं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. आजारी आहे असं दुकानात कळवून मी खोलीत पडून राहिले. तो आला. मी दार अर्धं उघडून जिन्यातच त्याला विचारलं, “तुझे दात कुणासारखे आहेत?” तो हसला. म्हणाला, “ताप डोक्यात गेलाय. वडिलांसारखे. आईसारखे कुठून येणार? माझी सख्खी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. ही दोन वर्षांनी आली.” आधी कधी का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाला, “सांगण्यासारखं काय आहे? तीच आई आहे.” मी पायरीवर बसले आणि हसत सुटले. तो माझ्या कपाळाला हात लावून बघत होता.

मग ती कवळी बसवायला आली. तो गिऱ्हाइकाकडे गेला होता. मी तिच्या तोंडात बोट घालून कवळीची तार हिरडीशी बसवत होते. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून असेल, मी बोलले. माझी जन्मतारीख सांगितली आणि ज्या सूतिकागृहात जन्मले त्याचं नाव सांगितलं. तिने माझं बोट चावलं. रागाने नाही, जबडाच मिटला तिचा. रक्त आलं. तिनेच माझं बोट नळाखाली धरलं आणि धरून राहिली. पाणी कधीचं लाल यायचं थांबलं होतं.

रविवारी आम्ही तलावाकाठच्या बाकावर भेटलो. माझ्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, कारखान्याच्या वसतिगृहात राहायची. माझे वडील दुसऱ्या देशात कामाला निघून गेले, मी आहे हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि ते कुठे आहेत हे तिला. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. मुलालाही नाही. “त्याचे वडील मला घराबाहेर काढणार नाहीत,” ती म्हणाली. “ते फक्त माझ्याशी बोलायचं बंद करतील. त्यांना ते जमतं. एकदा दोन वर्षं बोलले नव्हते.”

मग ती म्हणाली, “घरात ये. सून म्हणून ये. रोज माझ्यासमोर बसशील. तुझी मुलं माझ्या मांडीवर खेळतील. एवढं कुणाला परत मिळतं? फक्त सांगू नकोस. त्यालाही नाही.”

मी म्हटलं, “तो विचारेल, तू जिला शोधायला आलीस तिचं काय झालं?”

ती म्हणाली, “सांग, सापडली नाही.”

आजी, मला हो म्हणावंसं वाटतंय, आणि त्याचीच भीती वाटतेय. तो मिळतो, ती मिळते. एक वाक्य गिळायचं, बस. त्याच्या वडिलांनी सप्टेंबरची तारीखही काढलीय. मी त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही, तो समजतो ताप उतरला आणि लग्न ठरलं. तू काय केलं असतंस?

भिंगरी


१२ जुलै

माझ्या बाळा,

आधी बस, मग वाच.

‘आईला सांगू नकोस’ असं तू लिहिलंस. ते वाक्य मला तुझ्या आईनेच वाचून दाखवलं.

पहिल्या पत्रापासून तीच वाचते. माझ्या डोळ्याला जवळचं अजून धुकंच आहे. लिहिताना हात सवयीने चालतो, पण तुझ्या मुंग्या मला दिसत नाहीत. तिने एकदाही पाकीट स्वतःहून फोडलं नाही. मी वाच म्हटलं की वाचते, झालं की घडी घालून माझ्या उशाखाली ठेवते. तुला कळवू का, असं मी दुसऱ्याच पत्राला विचारलं होतं. म्हणाली, “नको सासूबाई. मग ती मोकळेपणी लिहिणार नाही.”

तर ते वाक्य आलं. मला वाटलं आता थांबेल, गाळेल, काहीतरी करेल. तिने स्पष्ट वाचलं, ‘आईला सांगू नकोस, एवढं एकच मागते,’ आणि पुढे वाचत गेली. बोट चावल्याचं आलं तिथे तेवढी उठली. पाणी प्याली आणि परत सुरू.

संपल्यावर मी आपली खुळी, मला आनंदच झाला. म्हटलं सापडली ग बाई, आणि सासूही तीच. पोरीने हो म्हणून टाकावं. कोण कुठली हे लोकांना कळून काय उपयोग, घरात माया असली म्हणजे झालं. तुझी आई चष्मा पुसत होती. फार वेळ पुसला. मग म्हणाली, “रोज सकाळी उठून त्या मुलाला खोटं सांगावं लागेल तिला. एकदा सांगून भागणार नाही. तो दरवर्षी विचारेल, आपण परत शोधायचं का? चांगला आहे ना तो, म्हणून विचारेल.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग म्हणाली, “मी तिला आंघोळ घालताना सांगायचे, तुला विमानाने आणलं, तू सगळा रस्ता रडलीस. तिला कळायचंही नाही तेव्हापासून. सांगताना दर वेळी वाटायचं, की मोठी होऊन ही जाईल शोधायला. गेलीच. पण गेली ती मला सांगून गेली.” आणि म्हणाली, “त्या बाईचं गुपित त्या बाईचं. तिच्या नवऱ्याला कळवायचं की नाही ते तिचं तिने बघावं, त्यात भिंगरीने पडू नये. पण ज्याच्यासोबत राहायचंय त्याच्याशी खोटं बोलू नये. लिहा तसं.”

मी म्हटलं तूच लिही. तर म्हणाली, मला तिने कुठे विचारलंय. आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेली होती. तिने परत घासली.

मला तू विचारलंस म्हणून माझं सांगते. मी हो म्हटलं असतं आणि पस्तावले असते. तेव्हा माझं ऐकू नकोस, तिचं ऐक. आणि तरी मला आनंद झालाय तो झालाच आहे, तो काही आता आत ढकलता येत नाही. बोट बरं झालं का?

आजी


२८ सप्टेंबर

आजी, आणि आई, कारण वाचतेस तूच.

आई, तू हे मोठ्याने वाचत असशील. वाचताना थांबलीस तरी चालेल. मला तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, तुझ्या चेहऱ्यापासून लपवायचं होतं. आणि तुझा चेहरा तर इथून दिसतच नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. रागावली आहेस का, असं फेब्रुवारीत लिहून मागे घेण्यापेक्षा सरळ तुलाच विचारायला हवं होतं.

मी त्याला सांगितलं. तो यंत्रावर कवळी घासत होता. मी बोलत होते तोवर यंत्र चालू होतं, मग त्याने बंद केलं. आधी तो हसला, “म्हणून विचारत होतीस, दात कुणासारखे?” मग त्याच्या लक्षात आलं आणि तोंड पांढरं पडलं. माझ्यावर नाही चिडला. म्हणाला, “तिने मला खोटं बोलायचं नाही म्हणून कान धरून वाढवलंय.” तो घरी गेला आणि तिला सरळ विचारलं. तिने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग विचारलं, “तिला एवढंसुद्धा झाकता आलं नाही?”

त्याच्या वडिलांना आम्ही काही सांगितलेलं नाही. ते तिचं आहे, आई, तू म्हणतेस तसं. त्यांना वाटतं आईलेकाचं काहीतरी बिनसलंय. सप्टेंबरची तारीख गेली, ती त्यांनी वहीतून रेघ मारून काढून टाकली. लग्न आता नोव्हेंबरात, साधं, आणि आम्ही दुकानाच्या वरच्या खोलीत राहू. त्या घरात नाही. तिने निरोप पाठवला होता की माझं तोंड बघायचं नाही. दुसऱ्यांदा नाही म्हणाली मला. तुम्ही म्हणाल सवय झाली असेल. नाही झाली.

दीड महिना असाच गेला. मग एका गुरुवारी ती दुकानात आली. बाकावर रांगेत बसली, नंबर आल्यावर खुर्चीत. रुमालातून कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. “टोचतेय,” म्हणाली.

मी तिची हिरडी पाहिली. कुठे लाली नाही, वळ नाही. कवळी चपखल बसत होती. मी मागे गेले, यंत्र सुरू केलं, कवळी त्याला न लावताच थोडा वेळ उभी राहिले, धुतली आणि बसवून दिली. “आता?” “आता बरं वाटतंय,” ती म्हणाली, आणि गेली.

पुढच्या गुरुवारी परत. मग परत. तोंड उघडं असल्यामुळे तिला बोलावं लागत नाही, आणि काम चालू असल्यामुळे मलाही. तो त्या वेळी मुद्दाम बाहेर जातो. काल तिने कवळी काढलीच नाही. खुर्चीतून उठली, मला बस म्हणाली, आणि म्हणाली, “बघू.” मी तोंड उघडलं. तिने हात धुतले, शिवण तपासतात तसं एक बोट माझ्या टाळूवरून फिरवलं, चिरेपर्यंत, आणि थांबली. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती म्हणाली, “मला वाटायचं हे फक्त माझंच आहे.”

आजी, कामाच्या दृष्टीने हे चूक आहे. न बिघडलेली कवळी मी दर आठवड्याला दुरुस्त करतेय. तिच्या नवऱ्याने परवा विचारलं म्हणे, एवढं टोचतंय तर दुसऱ्या दुकानात का जात नाहीस. तिला सांगून टाकू का, की यात काही दोष नाही, नुसतीच येत जा?

भिंगरी


१३ ऑक्टोबर

माझे गुणाचे पोरी,

पत्र वाचून झालं. मधे थांबून थांबून झालं, त्यामुळे डाळ लागली. तुझे बाबा काळी डाळ मुकाट्याने जेवले आणि विनोद केला नाही, यावरून काय ते समज.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तुझ्या आईला विचारावं लागलं नाही, पण आम्ही दोघी एकदमच बोललो. काही सांगू नकोस. कवळी नीट आहे असं तिला चुकूनही म्हणू नकोस. नीट आहे म्हटलंस की तिला घरी बसावं लागेल. तिच्या नवऱ्याने विचारलं तर म्हणावं, काम किचकट आहे, वेळ लागतो. हे काही खोटं नाही.

लग्नाला आम्ही येतोय. बाबा शेवटच्या दोन दिवसांत येतील, त्यांना सुट्टी नाही. मी आणि तुझी आई आधी येतो. विमानात बसायला मी मुळीच घाबरत नाही, फक्त खिडकी नको, आणि मधली जागा नको, आणि कडेला लोक धक्के मारतात असं ऐकलंय. मास्तरीणबाई म्हणतात मग उभ्याने जा. जळतात त्या.

तिकिटाच्या खिडकीवर माणसाने विचारलं, कुठल्या दिवसाचं हवं? मी म्हटलं, कुठलंही द्या. तर तुझी आई पुढे झाली आणि म्हणाली, बुधवारी पोचेल असं. मी म्हटलं बुधवारच का ग? बाहेर आल्यावर, फुटपाथवर, पर्स बंद करत म्हणाली, “गुरुवारी ती येते ना दुकानात. मी बाकावर बसेन. मला तिच्याशी काही बोलायचं नाही, आणि तिलाही बोलायला लागू नये. बाकीची गिऱ्हाइकं बसतात तशी नंबर येईपर्यंत तिच्या शेजारी बसेन.”

तेव्हा त्या दिवशी बाकावर दोघींना जागा ठेव.

आजी